पोरीची मळमळ

सकाळी कढईत तेल टाकण्याआधी गुणमाला मागच्या दाराकडे बघून घ्यायची. दार उघडं हवं, न्हाणीत पाण्याची बादली भरलेली हवी आणि ब्राह्मी चुलीपासून लांब हवी. एवढं जमलं की मगच मोहरी. त्या दिवशीही ब्राह्मी मागच्या पायरीवर बसली होती. ओढणीचं टोक नाकाशी, हातात अर्धं लिंबू. फोडणी तडतडली, हिंगाचा वास घरभर पसरला आणि पायरीवरून कोरड्या उमाशांचा आवाज आला. एकदा आला, थांबला, मग बराच वेळ येत राहिला. पोटात पडायला काही नव्हतंच.

"आई, झालं का गं तुजं?"

"झालंच. भात परतते आन् झाकण टाकते."

दोघींच्या आवाजात चीड नव्हती आणि काळजीही नव्हती. दोन्ही कधीच वापरून संपल्या होत्या. उरला होता तो नुसता थकवा.

पलूसजवळच्या त्या गावात आदगोंडा मगदुमांच्या घराला मान होता. द्राक्षबाग चांगली, ऊस चांगला, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कमिटीत त्यांचा शब्द चालायचा. घरात माणसं चारच. आदगोंडा, त्यांची बायको गुणमाला, एकुलती एक मुलगी ब्राह्मी आणि आदगोंडांची थोरली बहीण सुंदरी. सुंदरीला मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि ती तरुणपणीच माहेरी परत आली. तेव्हापासून या घरात कुणी कुठे जायचं, काय नेसायचं, कुणाला काय सांगायचं आणि काय नाही, हे सुंदरीच ठरवत आली होती.

ब्राह्मी कराडला एम.एस्सी. करत असताना हे सुरू झालं. आधी मेसचं जेवण सोसत नाही असं वाटलं. मग घरचंही सोसेना. उठल्याबरोबर मळमळ, वरण-भाताच्या वासाने मळमळ, एसटीत, वर्गात, बस्तीत उदबत्तीजवळ मळमळ. अंगातली ताकद गेली. जिना चढताना मध्येच बसावं लागे. शेवटी पुस्तकं आवरून ती घरी आली आणि घरीच राहिली.

पलूसच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. सांगलीत पोटात दुर्बीण घातली, आत सगळं ठीक निघालं. दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, पोरगी अभ्यासाचा ताण घेते, लग्न करून द्या, आपोआप बरं वाटेल. डॉक्टर बदलले, तरी खुर्चीवर बसल्या बसल्या येणारा पहिला प्रश्न बदलला नाही. पाळी कधी आली होती? आणि तो विचारताना डॉक्टरांची नजर ब्राह्मीच्या गळ्याकडे जायची, मंगळसूत्र आहे का ते बघायला.

पाळी पुढे गेलेली असायची. वजन इतकं उतरलं होतं की पाळी वेळेवर येणारच कशी? पण ते कुणी समजावून सांगितलं नाही.

एका दुपारी सुंदरी फडताळातलं काही काढायला स्वयंपाकघरात आली तर ब्राह्मी डब्यातलं खडेमीठ तोंडात टाकत होती. शेजारी लोणच्याची बरणी उघडी.

"काय करतीयास गं?"

"आत्ती, मीठ खावंसं वाटतंय. लय वाटतंय. खाल्लं की जरा बरं वाटतं."

सुंदरीने बरणीचं झाकण लावलं. संध्याकाळी गुणमालाला बाजूला घेऊन म्हणाली, "ओकाऱ्या काढती, पाळी चुकलीया आन् आता लोणचं न् मीठ. तुला कायबी वाटत न्हाई का गं? हे डोहाळे न्हाईत तर काय हायत?"

"वन्सं, आपली ब्राह्मी हाय ती."

"सगळ्यांच्या आपल्याच असतात."

सुंदरीने सांगलीहून तपासणीची पट्टी आणवली. गावातल्या दुकानातून घेतली असती तर गावभर झालं असतं. ब्राह्मीने ती हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि आईकडे बघितलं. गुणमालाने मान खाली घातली. पट्टीवर एकच रेघ उमटली. पुढच्या महिन्यात सुंदरीने पुन्हा पट्टी आणवली. "ह्या पट्ट्यांचा काय भरवसा," ती म्हणाली. मग तो रिवाजच झाला. न्हाणीच्या दाराबाहेर दोघी उभ्या राहायच्या आणि आतून ब्राह्मी पट्टी बाहेर सरकवायची. पहिल्या वेळी ती रडली होती. नंतर रडायचीही नाही. पट्टी देऊन तशीच ओल्या फरशीवर बसून राहायची, कारण उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आणि तिचा रंग बदलत चालला होता. मूळची गव्हाळ पोर, आता कोपरं, बोटांचे सांधे, ओठ, सगळं काळवंडलं होतं. उन्हात न जाताच. सुंदरीने मलई-हळद लावून बघितली, महागडं क्रीम आणलं. रंग जात नाही म्हटल्यावर ती फार अस्वस्थ झाली. मळमळीपेक्षा तिला त्या रंगाचीच जास्त काळजी होती. मळमळ झाकता येत होती, रंग नाही.

"आता दवाखाने बास," तिने आदगोंडांना सांगितलं. "दवाखान्याची पोरगी म्हणून एकदा नाव झालं की कोण करून घेणार तिला? वर्षभरात उजवून टाकायची."

आदगोंडा बागेत फवारणीला जायच्या घाईत होते. त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याने एका आजारी मुलीचा इलाज बंद झाला. असे निर्णय आपल्या घरांतून असेच होत असतात. कुणी क्रूर नसतं, कुणी ओरडत नाही. चहाचा कप खाली ठेवताना एखादा माणूस मान हलवतो आणि एका बाईचं आयुष्य ठरतं.

लोणंदहून स्थळ आलं. बाजारपेठेत आडत दुकान, मुलाचं नाव अतिशय, शिकलेला, घरचाच व्यवसाय बघणारा. बघायला यायच्या दिवशी सुंदरीने ब्राह्मीला उलटी थांबायची गोळी दिली, चेहऱ्यावर, हातांवर पावडर थापली आणि दंडापर्यंत बाह्यांचं पोलकं बदलून मनगटापर्यंतचं घालायला लावलं.

"तब्येतीचं कुणी इचारलं तर हसायचं नुसतं. मी बोलते."

"आत्ती, मला उभं राहवत न्हाई हो."

"पोह्यांच्या ताटल्या ठेवायच्या आन् बसायचं. एवढंबी जमंना?"

पाहुणे आले. मुलाच्या आईने घर बघितलं, बाग विचारली, बस्तीची चौकशी केली. मग म्हणाली, "मुलगी बारीक दिसते. तब्येत बरी असते ना?"

"खणखणीत हाय," सुंदरी म्हणाली. "आजकालच्या पोरी, खायलाच नको असतं त्यांस्नी."

ब्राह्मी हसली. सांगितल्याप्रमाणे. मुलाच्या वडिलांनी तिला पाणी आणायला सांगितलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि दाराची चौकट धरता धरता कोसळली. शुद्धीवर येताच तिला ओकारी आली. तिथेच, पाहुण्यांच्या चपलांशेजारी. अतिशय पाणी घेऊन पुढे झाला, तर त्याच्या आईने त्याला हाताने मागे सारलं. ती ब्राह्मीच्या तोंडाकडे बघत नव्हती, पोटाकडे बघत होती.

"निघतो आम्ही," ती म्हणाली. "कळवतो."

त्यांनी ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. मध्यस्थाकडून त्याच्या बायकोकडे, तिच्याकडून बस्तीच्या आवारात. मगदुमांची पोर दोन जिवांची आहे. कराडला शिकायला ठेवली होती ना, तिथलंच. दुसऱ्या दिवशी गुणमाला दर्शनाला गेली तेव्हा ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि काय मागायचं तेच तिला आठवेना.

त्या संध्याकाळी आदगोंडा मुलीच्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. ब्राह्मी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते दारातच उभे राहिले.

"ब्राह्मी, खरं सांग. कोण हाय तो?"

ती वळली. "कुणी न्हाई, आप्पा."

"मग हे काय हाय सगळं?"

"मला ठाऊक असतं तर मीच सांगितलं नसतं का? इतके दिवस मी दुसरं काय सांगतीया? मळमळतंय. उभं राहवत न्हाई. कुणी ऐकलंय का?"

आदगोंडा निघून गेले. त्यांना उत्तर मिळालं होतं, पण ते त्यांना हवं असलेलं उत्तर नव्हतं.

ब्राह्मीने त्यानंतर जेवायचंच सोडलं. हट्टाने नव्हे, तिला जमेनाच. पाण्याचा घोटही परत यायचा. तिला बारीक ताप आला. हातपाय गार पडले. सकाळी गुणमाला तिला उठवायला गेली तर पोरगी डोळे उघडून बघत होती आणि आईला ओळखत नव्हती.

"आवं, गाडी काढा," गुणमाला ओसरीवर येऊन म्हणाली. "मिरजेला न्यायची तिला."

आदगोंडा उठले. सुंदरी मध्ये आली. "आदू, बस खाली. आत्ता न्हेली तर गाव काय म्हणंल? पोट खाली करायला न्हेली म्हणत्याल. शिक्का बसला की संपलं. न्ह्यायचीच असंल तर अंधार पडू दे, मागच्या बोळातनं न्हेऊ."

आदगोंडा उभेच राहिले. ते बहिणीकडे बघत होते, मग बायकोकडे, मग रस्त्याकडे. रस्त्यावर माणसं होती. दूध घालून परत येणारी, शाळेला निघालेली.

गुणमालाने पंचवीस वर्षांत या घरात आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. तेवढं बळच तिच्यात नव्हतं. तिने नुसता फोन घेतला आणि वडापची, माणसं भरून पलूसला नेणारी जीप चालवणाऱ्या जालिंदरला लावला.

"जालिंदरदादा, दारात गाडी आणा. ब्राह्मीला मिरजेला न्ह्यायचीया."

"वैनी, गाडीत शिटा हायत. ह्यास्नी पलूसला टाकून येऊ का?"

"न्हाई. हाय तशी आणा."

जीप दारात आली तेव्हा आत माणसं दाटीवाटीने बसलेली होती. सगळ्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. गुणमाला आणि जालिंदरने मिळून ब्राह्मीला उचलून बाहेर आणलं. तोंडावर ओढणी टाकायला सुंदरी धावली, गुणमालाने तिचा हात बाजूला केला. "तिला श्वास लागतोया, वन्सं."

जीपजवळ उभं राहून ती आतल्या माणसांना म्हणाली, "तुमी ऐकलंय ते खोटं हाय. पोरीला दिवस गेल्यालं न्हाईत. पोर मरायला लागलीया. जागा देता का?"

मग मागच्या बाकावरची एक म्हातारी पाटी घेऊन खाली उतरली. "मी येते की मागनं दुसऱ्या गाडीनं. निजवा तिला." तिच्यामागोमाग बाकीचेही उतरले. जालिंदरने पलूसला न थांबता गाडी थेट मिरजेच्या रस्त्याला लावली. आदगोंडा अंगणात उभे होते. त्यांच्या पायांत चपला होत्या, हातात स्वतःच्या गाडीची किल्ली होती, आणि ते तसेच उभे होते.

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी ड्युटी संपवून निघाल्या होत्या. स्ट्रेचर बघून परत फिरल्या. रक्तदाब जेमतेम लागत होता. सलाईन सुरू झालं. त्यांनी ब्राह्मीचे ओठ उघडून हिरड्या बघितल्या, तळहात उलगडून रेषा बघितल्या. रेषा काळ्या झाल्या होत्या.

"हा रंग कधीपासून?"

"वरीस झालं असंल. जास्तच."

"उठलं की चक्कर येते? वजन उतरलंय?" आणि मग त्यांनी विचारलं, "मीठ जास्त खावंसं वाटतं का हिला?"

गुणमाला त्यांच्याकडे बघतच राहिली. "व्हय. नुसतं मीठ खाती. घरात म्हणाले डोहाळे."

डॉक्टरांनी रक्ताचे नमुने घेतले आणि अहवालाची वाट न बघता इंजेक्शन द्यायला सांगितलं. मग हात धुताना त्यांनी विचारलं, "आधी काय काय तपासलंय?"

"पोटात दुर्बीण घातली हुती. आन्…" गुणमालाने नजर वळवली. "ती पट्टीची तपासणी."

"किती वेळा?"

"दर म्हैन्याला."

"आणि रक्तातलं मीठ? उभं करून रक्तदाब?"

"न्हाई बाई. ते कुणी न्हाई."

डॉक्टरांनी नळ बंद केला आणि थोडा वेळ तशाच ओल्या हातांनी उभ्या राहिल्या.

संध्याकाळपर्यंत ब्राह्मीने आईला ओळखलं. अहवाल आले तेव्हा डॉक्टरांनी दोघींना बसून सांगितलं. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला ताकद देणारं, मीठ धरून ठेवणारं रसायन त्या बनवतात. ब्राह्मीच्या शरीराने स्वतःच त्या ग्रंथी निकामी केल्या होत्या. म्हणून ती मळमळ, ती अंधारी, ती मिठाची ओढ आणि म्हणूनच तो रंगही. ते रसायन आता गोळ्यांतून रोज घ्यायचं, जन्मभर. एकही दिवस चुकवायचं नाही, आणि आजारपणात जास्त घ्यायचं. घेतलं तर ती शिकेल, नोकरी करेल, मनात आलं तर संसार करेल.

"म्हणजे मला खरंच कायतरी झालं हुतं," ब्राह्मी म्हणाली.

"हो. खरंच झालं होतं."

तेव्हा ती रडली. आजाराचं नाव ऐकून एखाद्या माणसाला एवढं हलकं वाटावं, यावरून त्याने काय काय सोसलं असेल ते समजावं.

दोन दिवसांनी तिला भूक लागली. ती काय आहे हे आधी तिच्या लक्षातच आलं नाही. पोटात काहीतरी होतंय, पण ते मळमळणं नव्हे, एवढंच कळलं. गुणमालाने दवाखान्याच्या कँटीनमधून साधी इडली आणली. ब्राह्मी सावकाश जेवली आणि गुणमाला प्रत्येक घासाला तिच्या घशाकडे बघत राहिली.

त्या दुपारी आदगोंडा आले. पिशवीत बागेतली द्राक्षं होती. ती कुठे ठेवावीत हे न कळून ते उभे राहिले, मग स्टूल ओढून बसले.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

ब्राह्मी उशीला टेकून बसली. "आप्पा, तुमी इचारलंत त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. मी सांगितलं आन् तुमाला ते पटलं न्हाई. ते अजून जात न्हाई पोटातनं. जाईल कवातरी. आत्ता न्हाई."

आदगोंडांनी मान हलवली आणि ते तिथेच बसून राहिले, दवाखान्याची वेळ संपेपर्यंत.

ब्राह्मी घरी आली. रंग हळूहळू निवळू लागला तसा सुंदरीला हुरूप आला. पोरीला दिवस गेले नव्हते एवढं लोणंदच्या लोकांना कळलं होतं, त्यांचा पुन्हा निरोप आला होता. "आता कायबी बोलू नका," सुंदरी म्हणाली. "गोळ्या डब्यात घालून देऊ. एकदा पोर-बाळ झालं की मग सांगता येईल."

"आत्ती, एक दिवस गोळी चुकली तर मी मरंन. लपवून कुठं घेत बसू?"

तिने स्वतः अतिशयला फोन केला आणि सगळं सांगितलं. आजार, गोळ्या, जन्मभर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "आईला विचारून सांगतो," म्हणाला. फोन परत आला नाही. ब्राह्मीने वाटही बघितली नाही. तिने कराडच्या कॉलेजात परत नाव घातलं.

"ऐकलं न्हाईसा माझं," सुंदरी गुणमालाला म्हणाली. "ह्या घराचं नाव मी किती जपलं, तुला ठाऊक न्हाई."

गुणमाला भाजी निवडत होती. ती दमलेली होती, भांडायची तिची इच्छा नव्हती. "ठाऊक हाय, वन्सं. पण त्या नावापायी पोरगी जात हुती."

सुंदरी तिथेच भिंतीला टेकून बसली. तिने भाजीची जुडी पुढे ओढली, दोन काड्या खुडल्या आणि थांबली.

"मिरजेची ती डाक्टरीण," ती खालच्या आवाजात म्हणाली, "बायकांचंबी बघती का?"

"कशाला?"

"माझ्या ओटीपोटात दुखतंय. लगीन झालं तवापासनं. सासरी सांगितलं तर म्हणाले, काम नको म्हणून सोंग करती. माहेरी आल्यावर कुणाला सांगायचं? वांझेला काय दुखायचंय, म्हणत्याल." ती भाजीकडेच बघत होती. "आता काय ऱ्हायलंय म्हणा. उगं इचारलं."

गुणमालाने निवडलेली भाजी बाजूला ठेवली. या बाईने आपल्या पोरीला महिनोन्महिने न्हाणीत बसवलं, हे ती विसरली नव्हती. विसरणारही नव्हती. पण समोर बसलेल्या या बाईलाही तरुणपणी कुणीतरी असंच गप्प बसवलं होतं. त्यानंतर तिने आयुष्यभर दुसऱ्यांना गप्प बसवलं, कारण तेवढंच तिला शिकवलं गेलं होतं.

"सोमवारी ब्राह्मीला दाखवायला जायचंया," गुणमाला म्हणाली. "तुमीबी चला."

सोमवारी तिघी गेल्या. ब्राह्मीचं तपासून झाल्यावर डॉक्टर प्रियदर्शनींनी सुंदरीला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

सुंदरीने आधी गुणमालाकडे बघितलं, जणू उत्तर द्यायला तिची परवानगी हवी होती. मग ती सांगू लागली. लग्नापासून, सासरच्या विहिरीवर ओढलेल्या पाण्यापासून, पहिल्या दुखण्यापासून. बाहेर रांग वाढत होती. मध्येच ती थांबली, पदराने तोंड पुसलं आणि ओशाळून म्हणाली, "लय लांबतंय व्हय?"

"लांबू दे, वन्सं," गुणमाला म्हणाली. "सांगा तुमी."